अमावास्येचा वायदा

मायाच्या पत्रिकेतलं भाकीत असं, की हिचं लग्न मृत्यू आणि विनाश घेऊन येईल. ती भारता नावाच्या राज्याची राजकन्या, वय सतरा, सदा पुस्तकांत बुडालेली. अंतःपुरातल्या बायका तिच्यापासून चार हात लांब राहतात आणि राजवाड्यात काही वाईट घडलं की बोट तिच्याकडेच वळतं.

रोशनी चोक्शी यांच्या 'द स्टार-टच्ड क्वीन' या इंग्रजी कादंबरीची ही सुरुवात. 2016 साली आलेली ही त्यांची पहिलीच कादंबरी. वडील भारतीय, आई फिलिपिनो, बालपण अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात. दुकानात हे पुस्तक 'यंग अडल्ट'च्या फळीवर मिळतं, म्हणजे शाळा संपत आलेल्या आणि कॉलेज सुरू झालेल्या वाचकांसाठी. त्यात पुन्हा फँटसी, आणि त्यातही प्रेमकथा. ते वय मागे पडून मला जमाना झाला. पुस्तक माझ्या भाचीचं. तिने पानोपानी रंगीत चिकटपट्ट्या लावून ते माझ्या हवाली केलं. गुलाबी पट्टी म्हणजे प्रेमाची जागा, निळी म्हणजे रडू आलेली जागा. मी वाचून झाल्यावर माझ्या पेन्सिलच्या खुणा भलत्याच पानांवर निघाल्या. त्यावरून आमचं जे वाजलं, त्याचंच हे टिपण समजा. एक आधीच सांगते: पुढे सगळी रहस्यं फोडणार आहे.

पत्रिकेपाशी मी पहिली अडले. माझ्या आत्याला मंगळ होता. पत्रिकेतल्या पहिल्या, चौथ्या, सातव्या, आठव्या किंवा बाराव्या घरात मंगळ पडला की झाला दोष. बारा घरांपैकी पाच! म्हणजे शंभर मुली घेतल्या तर चाळीसेक मंगळाच्याच निघायच्या. एवढं साधं गणित आमच्या घरात कुणी केलं नाही, आणि घरात गणिताचे मास्तर होते. मंगळ मुलांनाही असतो, पण त्यांचा बहुधा 'सौम्य' निघायचा. नारायण पेठेतल्या आमच्या वाड्यात स्थळं यायची, पोहे व्हायचे, मुलीला नाव-शिक्षण विचारून व्हायचं आणि आठवड्याभरात पोस्टकार्ड हजर: पत्रिका जुळत नाही. एकाने तर कुंभविवाह उरकून घ्या, मग बघू, असंही सुचवलं होतं. म्हणजे आधी मातीच्या घड्याशी लग्न लावायचं, दोष घड्यावर जायचा, मग माणसाशी. आत्याने त्या गृहस्थांना काय उत्तर दिलं ते घरात अजून सांगितलं जातं, पण इथे छापण्यासारखं नाही. पुढे तिने बँकेत नोकरी केली, कोथरूडला स्वतःचा फ्लॅट घेतला आणि लग्न केलं नाही.

त्यामुळे मायाच्या पत्रिकेचं आता लेखिका काय करते, याकडे माझं बारीक लक्ष होतं. असल्या गोष्टींना ठरलेल्या दोन वाटा असतात. एक तर ज्योतिषी लबाड निघतो आणि शेवटी भाकीत खोटं पडतं, नाहीतर नायिका काहीतरी मोठा पराक्रम करून ग्रहांना शरण आणते. चोक्शीबाई तिसरीकडेच जातात. भाकीत शब्दशः खरं ठरतं. मायाचं लग्न खरोखरच मृत्यूशी होतं, कारण नवरा साक्षात धर्मराज आहे, मृतांचा राजा. आणि ते लग्न सुखाचं आहे! ग्रह चुकले नव्हते, वाचणारे घाबरट होते. ही कल्पना मला इतकी आवडली की पुढच्या बऱ्याच गोष्टी मी तिच्या पुण्याईवर पोटात घातल्या. अंधश्रद्धेवर भाषण न देता पत्रिकेची इतकी सफाईने फिरकी घेतलेली मी मराठीत वाचलेली नाही.

गोष्ट थोडक्यात अशी. राज्यावर बंडखोर चालून आलेले, तह हवा, म्हणून राजा मायाचं स्वयंवर मांडतो. आणि ऐन वेळी मुलीला एकट्यात गाठून विष प्यायला सांगतो. मुलगीच नसली तर तिच्यावरून लढाईही नाही. हे वाचून इथल्या वाचकाला फार धक्का बसू नये. 1810 साली मेवाडच्या कृष्णाकुमारीला याच हिशोबाने विष दिलं गेलं. जयपूर आणि जोधपूर दोघांनाही ती हवी होती, त्यावरून राजस्थान पेटलं, आणि त्या भांडणात आपल्या शिंद्यांनीही हात धुऊन घेतले होते. कादंबरीतला हा प्रसंग मोजक्या पानांत उरकलेला आहे, पण पुस्तकातली सगळ्यात थंड, सगळ्यात खरी पानं तीच. बाप वाईट नाही, त्याला मुलगी आवडतेही. त्याचा हिशोब तेवढा पक्का आहे.

मग झाकल्या चेहऱ्याचा अमर येतो आणि मायाला घेऊन जातो. वाटेत रात्रीचा बाजार लागतो, आणि मग अकरन नावाचं त्याचं राज्य. महाल अवाढव्य, पण माणूस दिसत नाही. हजारो दारं, बहुतेक कुलूपबंद. काचेची बाग. फळांऐवजी आठवणी धरणारं झाड. राजा सोडला तर दुसरा माणूस एकच, गुप्ता, आणि त्याला सगळ्याची नोंद ठेवायचा नाद.

इथे मी पुस्तक मिटून चहा टाकला. नवऱ्याचं नाव अमर, त्याच्याकडे टिपणं ठेवणारा गुप्त, आणि सांगतायत की राजा कोण हे रहस्य आहे! अमेरिकेतल्या वाचक मुलीला हे कळायला अर्धंअधिक पुस्तक जात असेल. आपल्याकडे चित्रगुप्ताची वही दुसरीतल्या पोरालाही ठाऊक असते. (रोमन लिपीत 'अकरन' उलटं वाचलं की 'नरका' होतं, हे भाचीने दाखवलं. देवनागरीत वाचणाऱ्याला हा धागा मिळायचाच नाही. पण आम्हाला त्याची गरज कुठे होती?)

यमाची आणि आपली ओळख मुळात घरगुती आहे. धनत्रयोदशीच्या संध्याकाळी आजी यमदीप लावायची. कणकेत हळद घालून घट्ट गोळा मळायचा, अंगठ्याने दाबून मधे खळगा करायचा, कडा बोटांनी जरा उचलून घ्यायच्या, नाहीतर तेल ओघळतं. वात ठेवायची ती दक्षिणेकडे तोंड करून. एरवी वर्षभर वातीचं तोंड चुकून दक्षिणेला झालं तर आजी ओरडायची, त्या एका संध्याकाळी मात्र मुद्दाम तिकडेच. आमच्या वाड्यात दक्षिणेला शेजाऱ्यांचं न्हाणीघर होतं, त्यामुळे आमचा यमदीप वर्षानुवर्षं त्यांच्या बंबाच्या दिशेने तेवायचा. पुढे तीन-चार दिवसांत भाऊबीज. तिचं दुसरं नाव यमद्वितीया, त्या दिवशी यम बहिणीकडे, यमुनेकडे, जेवायला जातो. म्हणजे आपल्या हिशोबी यम हा बहीण असलेला, ओवाळून घेणारा, दिवाळीत पाटावर बसून जेवणारा माणूस. तो दारात उभा राहिला तर भीती वाटेल, पण 'आपण कोण?' असं विचारायची वेळ येणार नाही.

रहस्य आधीच फुटल्याने माझं काही बिघडलं नाही. उलट निम्मं पुस्तक मी वेगळ्या मजेत वाचलं. संगीत नाटकात पुढचं पद कोणतं हे माहीत असूनही लोक जागचे हलत नाहीत, ते आता कसं घेतो हे बघायला बसतात. मायाला कळत नाही आणि मला कळलंय, यातून जो ताण येतो तो लेखिकेने योजलेला नसेल, पण मला फुकटात मिळाला.

माझी तक्रार अमावास्येच्या वायद्याबद्दल आहे. अमर मायाला सांगतो, अमावास्येपर्यंत थांब, तोवर मी काही सांगू शकत नाही, माझ्यावर विश्वास ठेव. कादंबरीचा सगळा मधला भाग या एका खुंटीवर टांगलेला आहे. तो कोण, ती कोण, कुलुपांमागे काय, आतून हाका कोण मारतं, सगळ्याला उत्तर एकच: अमावास्या. तिला राहवत नाही, ती नको ते दार उघडते, नको तिचं ऐकते, आणि होत्याचं नव्हतं होतं.

ही युक्ती काही चोक्शीबाईंची नाही, आणि तो दोषही नाही. दुसऱ्या शतकातल्या अपुलेयसच्या लॅटिन कथेत सायकीला नवऱ्याचा चेहरा बघायची बंदी असते, ती दिवा लावून बघते आणि नवरा गमावून बसते. फ्रेंचमध्ये 'ब्यूटी अँड द बीस्ट'ची गोष्ट 1740 साली छापली गेली, तिथेही पशूचं खरं रूप शेवटपर्यंत झाकलेलं. या घराण्यातली प्रेमकथा चालते तीच मुळी पुरुषाच्या न सांगण्यावर. आणि आजच्या फँटसी प्रेमकथांत तर तो नियमच झालाय: नायक देखणा, सामर्थ्यवान, जखमी आणि घुम्मा. चहाच्या टेबलावर बसून त्याने सरळ चार वाक्यं बोलली, तर पुस्तक शंभराव्या पानावर संपेल.

भाचीचं म्हणणं, "मावशी, वाट बघायला लावणं हाच तर रोमान्स असतो." मान्य. विरह आपल्याला कुणी नव्याने शिकवायला नको, गवळणी-विराण्यांवर वाढलेले लोक आपण. पण माझं दुखणं वेगळं आहे. अमर मायाला राणी करतो ते शोभेची म्हणून नव्हे. राज्यात तिला बरोबरीचा हक्क देतो, तसा शब्दच देतो. त्या महालात एक प्रचंड विणलेला पट आहे, त्यातला एकेक धागा म्हणजे एकेक आयुष्य. कुणाचा धागा ओढायचा, कुणाचा ठेवायचा, हा निर्णय तिने घ्यायला शिकावं अशी त्याची अपेक्षा. आणि जी बाई दुसऱ्यांच्या मरणावर सही करणार, तिला तिची स्वतःची हकिकत मात्र सांगायची नाही! ही गोष्ट मी आत्याला सांगितली. सगळं ऐकून ती म्हणाली, "सहीचा अधिकार दिला आणि पासबुक लपवून ठेवलं. असल्या खातेदारांना आम्ही मॅनेजरसमोर उभं करायचो."

लेखिकेला हा विरोध दिसलेला नाही असं नाही. पण तिने तो मायाच्या वाट्याला नीट येऊ दिलेला नाही. मायाला संशय येतो, भीती वाटते, राग येतो, आणि मग अमर जवळ येऊन तारे, रात्र आणि नशीब यांनी भरलेलं एक लांब वाक्य बोलतो, की ती विरघळते. ही वाक्यं सुटी सुटी सुंदर आहेत. भाचीच्या गुलाबी पट्ट्या तिथेच लागल्यात. पण एका पानावर किती? चांदणं, धूर, रेशीम, काळोख, पुन्हा चांदणं. उपमेवर उपमा चढते आणि खालचा प्रसंग दिसेनासा होतो. रात्रीच्या बाजाराची पानं याला अपवाद; तिथे वर्णन हेच काम आहे आणि ते झकास जमलंय. जिथे दोन माणसांनी बोलायला हवं होतं तिथेही वर्णनच येतं, हे खटकतं.

आणि बोलायला हवं होतं असं मला इतकं का वाटावं? कारण आपला यम बोलका आहे.

सावित्रीची गोष्ट महाभारताच्या वनपर्वात मार्कंडेय ऋषी युधिष्ठिराला सांगतात. त्या पर्वाची चिकित्सक आवृत्ती इथेच, लॉ कॉलेज रस्त्यावरच्या भांडारकर संस्थेत झाली. 1919 साली सुरू झालेलं महाभारताचं ते काम 1966 साली पुरं झालं, आणि हे वनपर्व, म्हणजेच आरण्यकपर्व, विष्णु सीताराम सुखटणकरांनी स्वतः संपादित केलं. गोष्ट आपण गृहीत धरतो, म्हणून मूळ कुणी उघडून बघत नाही. त्यात काय आहे? यम सत्यवानाच्या देहातून अंगठ्याएवढा पुरुष पाशाने बांधून काढतो आणि दक्षिणेकडे चालू लागतो. सावित्री मागोमाग जाते. ती रडत नाही, पाय धरत नाही. ती म्हणते, सात पावलं बरोबर चाललं की मैत्री होते असं जाणते सांगतात, तेव्हा त्या मैत्रीच्या नात्याने मी आता चार शब्द बोलते. आणि बोलायला लागते: धर्म म्हणजे काय, सज्जनांची संगत म्हणजे काय. यम थांबून दाद देतो. कशाची? तिच्या बोलण्यातल्या स्वरांची, अक्षरांची, व्यंजनांची आणि युक्तिवादाची! प्राण घेऊन निघालेला देव एका बाईचे शुद्ध उच्चार आणि मुद्देसूदपणा यांवर खूश होऊन वर देतो. हा यम मूळचा सदाशिव पेठेतला असला पाहिजे, असं माझं प्रामाणिक मत आहे.

पुढचा खेळ तर वकिलीचा. दर वेळी यम बजावतो, याचा जीव सोडून काहीही माग. ती सासऱ्याचे डोळे मागते, मग त्याचं गेलेलं राज्य, मग स्वतःच्या वडिलांसाठी शंभर मुलगे. चौथ्यांदा सत्यवानापासून स्वतःला शंभर मुलगे. यम देऊन बसतो. पाचव्या वेळी 'जीव सोडून' हे शब्द त्याच्या तोंडून निघत नाहीत आणि ते न निघालेले शब्द ती नेमके पकडते. नवऱ्याशिवाय तुझा चौथा वर खरा कसा व्हायचा?

कठोपनिषदातही तोच प्रकार. नचिकेत यमाच्या दारात तीन रात्री उपाशी बसतो, आणि घरी परतलेला यम ओशाळतो, पाहुणा उपाशी राहिला म्हणून तीन वर कबूल करतो. तिसऱ्या वराला पोरगं विचारतं, मेल्यावर पुढे काय? यम टाळाटाळ करतो. हत्ती घे, सोनं घे, अप्सरा घे, हे सोडून काहीही विचार. म्हणजे न सांगणारा यम आपल्याकडेही आहेच. पण पोरगं हटत नाही, आणि मग यम सांगतो. वाद घातला की त्याला बोलावं लागतं, हा त्याचा स्वभाव.

चोक्शीबाईंच्या कादंबरीत सावित्रीचे धागे उघड आहेत, आणि माया तर विदुषी म्हणून रंगवलेली. बापाचा दरबार ती वरून लपून ऐकते, राजकारणाचे डाव तिला पाठ. अशी मुलगी मृत्यूच्या घरी गेली. मला वाटलं, आता खरी जुगलबंदी. पण तिच्या हुशारीला तिथे कामच नाही. अमावास्येचा वायदा हा तर कराराचा मामला. सतरा वर्षांची सावित्री असती तर तिने त्यात तीन पळवाटा काढल्या असत्या. मायापुढे पर्याय दोनच ठेवलेत, विश्वास ठेव नाहीतर दार उघड. तर्काचा तिसरा रस्ता लेखिकेने बंद केला, आणि ज्या देवाला वाद घालणारी माणसं आवडतात त्याला खिन्न, देखणा घुम्मा करून टाकला. रहस्य फुटणं, शब्दांचा फुलोरा हे सगळं मी सोडून देईन. हे नाही सोडवत.

अर्थात यासाठी चोक्शीबाईंना एकट्यांना धरणं बरोबर नाही. आपण तरी सावित्रीचं काय केलं? ज्येष्ठात मंडईबाहेर वडाच्या फांद्यांचे ढीग लागतात, त्या घरी आणून पाटावर ठेवायच्या, सूत गुंडाळायचं, आंबे-फणसाचं वाण द्यायचं. तिच्या नावाने उपास होतो, सात जन्मांची मागणी होते. यमाला निरुत्तर करणारी बाई या सगळ्यात कुठे आहे? आत्याला मी एकदा विचारलं होतं, तू वडाला जायचीस का? ती म्हणाली, "मला कोण बोलावणार? पण ती यमाशी बोलली ते मला पाठ होतं. बँकेच्या मुलाखतीला उपयोगी पडलं."

भाचीने माझ्या या सगळ्यावर जो सवाल केला तो बिनतोड होता. "तू माझ्या वयाची असताना काय वाचायचीस?" मी गप्प. फास्टर फेणे संपला की आमच्या पुढ्यात एकदम 'ययाति' आणि 'मृत्युंजय' यायचं. मधे पायरीच नव्हती. खांडेकरांची 'ययाति' 1959 ची, सावंतांची 'मृत्युंजय' 1967 ची, दोन्ही मोठ्यांसाठी लिहिलेल्या. आम्ही त्या चौदाव्या-पंधराव्या वर्षी वाचल्या, कारण घरात होत्या. देवयानी आणि शर्मिष्ठेत आम्ही प्रेम शोधलं, कर्णावर आम्ही प्रेमच केलं. आमचा देखणा, जखमी, घुम्मा नायक तोच होता, हे कबूल केलं पाहिजे. पण त्या पुस्तकांतल्या मुलींना कुणी राज्य दिलं नव्हतं आणि धागे तर त्यांच्या हातात कधीच नव्हते.

खरं तर मराठी कादंबरी वयात आली तीच अद्भुत प्रेमकथांच्या अंगणात. हळब्यांची 'मुक्तामाला' 1861 ची. राजे, कारस्थानं, संकटातली नायिका, योगायोगांचा सुकाळ. मग हरिभाऊ आपटे आले, पुण्याच्या वाड्यांतल्या खऱ्या मुलींची खरी दुःखं लिहू लागले, आणि अद्भुताला जी उतरती कळा लागली ती लागलीच. झालं ते चांगलंच झालं, हरिभाऊंशिवाय आपलं काय झालं असतं! पण पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीला वास्तवाइतकंच काहीतरी अफाट हवं असतं, हे मात्र आपण विसरलो. ती भूक आज फर्ग्युसन रस्त्यावरच्या दुकानांतल्या इंग्रजी फळ्या भागवतात. तिथे उभ्या राहून पहिलं प्रकरण वाचून काढणाऱ्या मुली बघितल्या की मला त्यांचा हेवा वाटतो. आणि त्यांच्या हातातल्या पुस्तकात महाल, स्वयंवर, नरक, धर्मराज हे शब्द असतात, तेही जॉर्जियाहून फिरून आलेले. पुराणांची ही सरमिसळ शुद्धतावाद्यांना रुचत नाही. मला चालते. कीर्तनकार याहून जास्त मिसळतात.

शिवाय या पुस्तकात प्रेमाचा त्रिकोण नाही. दोन देखण्या मुलांपैकी कुणाला निवडू, या कातडं ओढून लांबवलेल्या पेचात माया अडकत नाही. तिला नवरा हवा आहे आणि सत्ताही हवी आहे. सत्ता हवी असण्याची तिला लाज नाही. भाचीच्या पट्ट्यांत एक हिरवी होती, एकच. ती या वाक्यांवर होती.

दुसऱ्या अर्ध्यात कादंबरी सुधारते, आणि त्याचं श्रेय अमरला नाही. माया सगळं गमावून माणसांच्या जगात फेकली जाते, साध्वीच्या वेशात भटकते, आणि तिच्या गळ्यात कमला पडते. कमला ही बोलणारी, मांस खाणारी घोडी. मायाला पाठीवर घेते आणि तिलाच खायची भाषा करत राहते. इतकी वात्रट, इतकी प्रामाणिक पात्रं या प्रकारच्या पुस्तकात क्वचित सापडतात. ती आल्याबरोबर भाषेचा फुलोरा गळून पडतो, कारण घोडीला उपमा आवडत नाहीत. मायाला शेवटी वाद घालायला जोडीदार मिळतो तो हा. माझ्या पेन्सिलच्या खुणा बहुतेक इथल्याच.

आणि गौरी. मायाची सावत्र बहीण. सुरुवातीला ती लहान असते, रात्री मायाकडून गोष्टी ऐकणारी, त्या राजवाड्यात मायाला न घाबरणारी जवळजवळ एकटीच. माया परत येते तोवर इकडे वर्षं उलटून गेलेली असतात आणि गौरी मोठी झालेली असते. ज्या पोरीला आपण गोष्ट सांगून झोपवत होतो ती आता तलवार धरते, आणि आपण तिच्यासमोर परक्या वेशात उभ्या. ही पानं वाचताना मला प्रेमकथेची आठवणही राहिली नाही. इथे निळी पट्टी होती आणि पेन्सिलही. आमचं दोघींचं जमलेलं हे एकमेव पान.

लेखिकेलाही गौरी सोडवली नसावी, कारण 2017 साली आलेलं पुढचं पुस्तक, 'अ क्राउन ऑफ विशेस', तिचंच आहे. गौरी आणि शेजारच्या शत्रुराज्याचा राजपुत्र विक्रम, दोघं कुबेराच्या अलका नगरीत इच्छापूर्तीच्या स्पर्धेत उतरतात. आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत भांडतात. टोमणे, प्रतिटोमणे, पैजा. लपवाछपवी आहे, पण ज्याला विचारायचं त्याला तोंडावर विचारलं जातं. मला ते पहिल्यापेक्षा कितीतरी जास्त आवडलं.

भाचीला नाही आवडलं. त्यात गुलाबी पट्ट्या जेमतेम पाच-सहा. मी कारण विचारलं तर म्हणाली, "भांडणं तर आपल्या घरी रोजच असतात, मावशी. त्यासाठी पुस्तक विकत कशाला घ्यायचं?"